ऑफिसच्या लॅनला वाय-फाय जोडताना: ब्रिज की राउटिंग? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या ऑफिसांसाठी आहे: सीएचं ऑफिस, दवाखाना, पतसंस्थेची शाखा, दहा-वीस संगणकांचं युनिट. इंटरनेटची एक लाइन, एक स्विच, टॅलीचा डेटा ठेवलेला एखादा सर्व्हर, दोन प्रिंटर, दारात हजेरीचं मशीन. वायरवर (म्हणजे लॅनवर, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) सगळं नीट चालू असतं आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘लॅपटॉपला वाय-फाय हवं.’ बाजारातून राउटर येतो, केबल खोचली जाते, मोबाइलवर इंटरनेट दिसतं आणि काम झालं म्हणून सगळे पांगतात. खालचे बहुतेक प्रश्न त्याच्या दुसऱ्या दिवशीचे आहेत.

वाय-फायवर इंटरनेट मस्त चालतं, पण ऑफिसचा प्रिंटर आणि सर्व्हर दिसत नाहीत. असं का?

आधी दोन आकडे बघा. वायरवरच्या एखाद्या संगणकाचा आयपी पत्ता आणि वाय-फायवरच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता. वायरवाला १९२.१६८.१.३५ आणि वाय-फायवाला १९२.१६८.०.१०२ असं काही निघालं, तर तुमच्या ऑफिसात एक नव्हे, दोन नेटवर्कं आहेत. नव्या राउटरच्या ‘वॅन’ (इंटरनेटची लाइन घेणाऱ्या) पोर्टमध्ये केबल लावली गेली आणि राउटरने आपलं नेहमीचं काम केलं: स्वतःच्या मागे वेगळं नेटवर्क उभारलं. राउटिंग करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, ते केबलच्या जागेने ठरवलं.

आता एक गंमत करून बघा. वाय-फायच्या लॅपटॉपवर सर्व्हरचा पत्ता थेट टाका, \\१९२.१६८.१.१० असा. बहुतेक वेळा फोल्डर उघडतो! म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचता येतं, तो फक्त ‘दिसत’ नाही. प्रिंटर किंवा शेअर केलेले संगणक आपोआप यादीत येतात ते ब्रॉडकास्ट (सगळ्यांना मारलेल्या) आणि मल्टिकास्ट (एका गटाला मारलेल्या) हाकांमुळे. अॅपलची उपकरणं वापरतात ती एमडीएनएसची (जवळची उपकरणं नावाने शोधण्याची) हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते, आणि ही हाक राउटर ओलांडत नाही. ओलांडू नये अशीच ती बनवलेली आहे.

दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर, आयपीही एकाच रेंजमधले, तरी एकमेकांना दिसत नाहीत?

मग ब्रिज-राउटिंगचा संबंध नाही. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू आहे का ते पाहा. स्टाफच्या वाय-फायवर ते बंद करा.

ब्रिज आणि राउटिंग यांत नेमका फरक काय?

ब्रिजमध्ये वाय-फाय हा वायरच्याच नेटवर्कचा लांबवलेला हात असतो. अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) बघून फ्रेम (डेटाचं पाकीट) इकडून तिकडे देतो, आयपीत नाक खुपसत नाही. वाय-फायवरच्या लॅपटॉपला आयपी मिळतो तो मुख्य राउटरच्या डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून), वायरवाल्यांना मिळतो त्याच रेंजमधला. ब्रॉडकास्ट सगळीकडे पोहोचतं.

राउटिंगमध्ये दोन वेगळी सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) असतात आणि मध्ये एक यंत्र आयपी पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलतं. घरगुती राउटर यात नॅटची भर घालतो, म्हणजे मागच्या सगळ्या उपकरणांना आपल्या एकाच पत्त्याआड झाकतो. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखं समजा: आतला माणूस बाहेर जाऊन परत आला तर त्याला अडवत नाही, पण अनोळखी माणूस बाहेरून आला की ‘कुणाकडे जायचंय?’ विचारतो, आणि आधी सांगून ठेवलेलं नसेल तर परत पाठवतो. म्हणून वाय-फायकडून वायरकडे जाता येतं, वायरकडून वाय-फायकडे मात्र नाही.

मग आमच्या ऑफिसला काय बरं?

स्टाफचे लॅपटॉप, ऑफिसचे प्रिंटर आणि सर्व्हर यांच्यासाठी ब्रिज. राउटिंग फक्त तिथे, जिथे तुम्हाला मध्ये भिंत हवी आहे आणि ती का हवी हे एका वाक्यात सांगता येतं. ‘राउटर होताच, म्हणून लावला’ हे कारण नव्हे.

घरातला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरता येतो का?

येतो, आणि छोट्या जागेत तो वर्षानुवर्षं चालतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकीचं तो स्वतः करतो. एक लक्षात ठेवा: त्यानंतर राउटरचा पत्ता बदलतो, कारण आता तोही मुख्य डीएचसीपीकडून आयपी घेतो. जुन्या पत्त्यावर सेटिंगचं पान उघडलं नाही की लोक ‘राउटर मेला’ म्हणतात. तो मेलेला नसतो. मुख्य राउटरच्या क्लायंट यादीत सापडतो.

असा मोड नसेल तर हाताने करायचं. नवा राउटर ऑफिसच्या नेटवर्कला न जोडता फक्त एका लॅपटॉपला वायरने जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि त्याचा डीएचसीपी १०० ते १९९ वाटत असेल, तर नव्याला १९२.१६८.१.२ द्या, पत्ता वाटपाच्या रेंजबाहेरचा हवा, नाहीतर एखाद्या सकाळी तोच कुणाच्या तरी मोबाइलला मिळेल. मग डीएचसीपी बंद करा. पत्ता आधी, डीएचसीपी नंतर, याच क्रमाने. उलट केलंत तर लॅपटॉपला आयपी मिळणार नाही आणि सेटिंगमध्ये परत शिरायला पत्ता हाताने टाकावा लागेल. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाका. शेवटी स्विचकडून येणारी केबल त्याच्या एका लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्ट मोकळा सोडा. त्यावर चिकटपट्टी लावली तर उत्तमच, कारण साफसफाई करताना निघालेली केबल परत लावणारा माणूस हमखास वेगळ्या रंगाच्या भोकातच ती खुपसतो.

डीएचसीपी बंद करायचं राहून गेलं तर काय होतं?

लगेच काहीच होत नाही, म्हणूनच हे त्रासदायक. संगणक सुरू होताना आयपीसाठी हाक मारतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो ऐकतो. मुख्य राउटर आणि हा उपटसुंभ यांत शर्यत लागते. काही संगणकांना बरोबर पत्ता, काहींना चुकीचा. आज हा टेबल बंद, उद्या तो. तक्रार इंटरनेट कंपनीकडे जाते, त्यांचा माणूस येऊन ‘आमची लाइन ओके आहे’ म्हणून जातो, आणि तो खरंच बोलत असतो. बंद पडलेल्या संगणकाचा ‘डिफॉल्ट गेटवे’ बघा. तो मुख्य राउटरचा नसेल तर चोर सापडला. मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ लावलं की एका ठरलेल्या पोर्टखेरीज कुठूनही पत्ते वाटता येत नाहीत.

आम्हाला वाय-फायचं वेगळं सबनेटच हवं आहे, पण सर्व्हरशी दोन्ही बाजूंनी बोलणंही हवं. जमेल?

जमेल, पण नॅट न वापरता. समजा वायरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आहे आणि वाय-फायचं १९२.१६८.५० चं. दोन्हीचे आकडे वेगळेच हवेत. वॅन आणि लॅन दोन्हीकडे एकच रेंज पडली तर राउटरला पॅकेट कुठे द्यायचं ते कळत नाही. वाय-फाय राउटरच्या वॅनला कायमचा पत्ता द्या, १९२.१६८.१.२. त्यावरचं नॅट बंद करा, आणि वॅनकडून येणाऱ्या जोडण्या अडवणारा फायरवॉल त्यावर असेल तर त्यात वायरच्या सबनेटला वाट द्या. मग मुख्य राउटरवर एक स्टॅटिक रूट टाका: ‘१९२.१६८.५०.० कडे जायचं असेल तर १९२.१६८.१.२ कडे द्या.’ हा परतीचा रस्ता लोक विसरतात. जाणारं पॅकेट पोहोचतं, उत्तर मात्र इंटरनेटच्या दिशेने भरकटतं. मुख्य राउटरने या दुसऱ्या सबनेटसाठीही इंटरनेटचं नॅट केलं पाहिजे, हेही तपासा. काही स्वस्त राउटर फक्त स्वतःच्या सबनेटसाठीच करतात. आणि बऱ्याच घरगुती राउटरमध्ये नॅट बंद करायची सोयच नसते, तेव्हा हा बेत आधी सेटिंगची पानं बघून मगच आखा.

इथे सगळ्यांना चकवणारी एक गोष्ट विंडोजची आहे. साध्या वर्कग्रुपमधल्या संगणकावर विंडोज फायरवॉल फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला परवानगी देतो ती ‘लोकल सबनेट’पुरती. नॅट चालू असताना वाय-फायचा लॅपटॉप सर्व्हरला १९२.१६८.१.२ याच पत्त्याने दिसत होता, म्हणजे घरचाच. नॅट काढल्यावर तोच लॅपटॉप १९२.१६८.५०.२० म्हणून येतो आणि फायरवॉल त्याला परका ठरवतो. नेटवर्क आधीपेक्षा बरोबर केलं आणि फोल्डर उघडायचा बंद झाला! सर्व्हरच्या फायरवॉल नियमात वाय-फायचं सबनेट जोडा. फायरवॉल पूर्ण बंद करून ‘बघा, चालतंय’ म्हणू नका. आणि पिंगला (‘आहेस का?’ या चाचणी हाकेला) उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता नाही असंही समजू नका, तेही हाच फायरवॉल अडवतो.

हजेरीचं मशीन वाय-फाय राउटरच्या मागे आहे. एचआरच्या संगणकाला ते सापडत नाही.

इथे वायरवरचा संगणक स्वतःहून नॅटच्या आत शिरू पाहतो. पोर्ट फॉरवर्ड करता येईल, म्हणजे बाहेरून आलेली हाक राउटरने मशीनकडे वळवायची (झेडकेटेको पद्धतीची मशीनं ४३७० हा पोर्ट वापरतात), पण तो उपाय म्हणजे ठिगळ. राउटरला अॅक्सेस पॉइंट करा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचंही (रेकॉर्डिंगच्या डब्याचंही) तेच.

पाहुण्यांना वाय-फाय द्यायचं आहे. दुसरा राउटर लावून टाकला की ऑफिस सुरक्षित, बरोबर?

चूक, आणि ही चूक अगदी सरसकट होते. पहिला प्रश्न आठवा: राउटरच्या मागे बसलेल्या लॅपटॉपला पुढच्या नेटवर्कमधला सर्व्हर उघडता येतो. पाहुण्यांचा राउटर ऑफिसच्या स्विचला लावलात, तर पाहुणे नॅटच्या मागे आणि तुमचा सर्व्हर त्यांच्या पुढे. भिंत उभी राहिली, पण तिने पाहुण्यांचं तुमच्यापासून रक्षण केलं!

दोनच राउटर असतील तर मांडणी उलटी करा. इंटरनेटला चिकटलेला पहिला राउटर पाहुण्यांचा, आणि त्याच्या मागे, वॅन पोर्टला केबल लावून, ऑफिसचा. मग पाहुणे तुमच्याकडे येऊ शकत नाहीत. याची किंमत आहे: ऑफिस दुहेरी नॅटमागे जातं, घरून डीव्हीआर बघायचा तर दोन्हीकडे पोर्ट उघडावे लागतात, आणि ऑफिसचा सगळा इंटरनेटचा ओघ पाहुण्यांच्या नेटवर्कमधून वाहतो. दवाखान्याच्या वेटिंग रूमला एवढं चालेल. वकिलांच्या ऑफिसला मी हे सुचवणार नाही.

नीट उपाय म्हणजे व्हीलॅन, एकाच वायरिंगवर वेगवेगळी नेटवर्कं. एकच अॅक्सेस पॉइंट दोन नावांनी वाय-फाय देतो. स्टाफचं नाव व्हीलॅन १० ला, पाहुण्यांचं व्हीलॅन २० ला बांधलेलं. ८०२.१क्यू मानकाप्रमाणे प्रत्येक फ्रेमवर तो क्रमांक लागतो, स्विच त्याला मान देतो, आणि राउटर पाहुण्यांना फक्त इंटरनेटचं दार दाखवतो. म्हणजे स्टाफसाठी ब्रिज आणि पाहुण्यांसाठी राउटिंग, दोन्ही एकाच डब्यातून. यासाठी व्हीलॅन समजणारा स्विच आणि राउटर दोन्ही लागतात.

घरगुती राउटरवरचं ‘गेस्ट नेटवर्क’ हे बटण राउटर मोडमध्ये बऱ्यापैकी काम करतं. तोच राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला की अनेक मॉडेलमध्ये ते गायब होतं किंवा पाहुण्यांना सरळ ऑफिसच्या लॅनमध्ये सोडतं. चालू केल्यावर पाहुण्याच्या वाय-फायवरून सर्व्हरचा पत्ता टाकून बघा. उघडला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

वाय-फाय वेगळंच ठेवावं, ते असुरक्षित असतं, असं जुने जाणकार सांगतात.

त्यांच्या काळात ते खरं होतं. पहिलं वाय-फाय मानक १९९७ चं, त्यातली डब्ल्यूईपी ही सुरक्षा २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी उघडी पाडली. तेव्हा वायरलेसला फायरवॉलच्या बाहेर ठेवून आत यायला व्हीपीएन (सांकेतिक केलेला खासगी बोगदा) लावणं हाच शहाणपणा होता. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. आज कच्चा दुवा असतो तो भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये राहिलेला पासवर्ड. माणसं वारंवार बदलत असतील तर प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देणारी ८०२.१एक्स पद्धत बघा. सबनेट वेगळं केल्याने हा प्रश्न सुटत नाही.

रस्त्यापलीकडच्या गाळ्यात केबल ओढता येत नाही. तिथल्या संगणकांना वाय-फायने ऑफिसच्या लॅनमध्ये घेता येईल का?

येईल, पण ‘तिकडे एक राउटर क्लायंट म्हणून जोडू आणि मागे स्विच लावू’ इतकं ते सरळ नाही. वाय-फायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये तीन पत्ते असतात. क्लायंट जे पाठवतो ते स्वतःच्या मॅक पत्त्याने, कारण अॅक्सेस पॉइंटशी ओळख त्याने एकट्याने करून घेतलेली असते. त्याच्या मागच्या चार संगणकांचे मॅक लिहायला फ्रेममध्ये जागाच नाही. वायरच्या पोर्टचा ब्रिज करता येतो तसा वाय-फाय क्लायंटचा होत नाही, त्याचं कारण हे. लिनक्सवर वायरलेस कार्ड ब्रिजमध्ये घालायला गेलात की नकार मिळतो, तोही यामुळेच.

उपाय म्हणजे चौथा पत्ता. डब्ल्यूडीएस किंवा चार-पत्त्यांचा मोड दोन्ही टोकांना चालू केला की मागच्या उपकरणांचे खरे मॅक पलीकडे पोहोचतात आणि खराखुरा ब्रिज तयार होतो. याची अंमलबजावणी प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं उपकरण घ्या. मायक्रोटिक कंपनीच्या उपकरणांत ‘स्टेशन ब्रिज’ हा मोड असतो, पण पलीकडेही मायक्रोटिकच हवा. त्याच यादीतला ‘स्टेशन स्यूडोब्रिज’ परक्या अॅक्सेस पॉइंटशी चालतो, मात्र तो आतून मॅक बदलत राहतो, आणि आयपीव्यतिरिक्तचं काही त्यातून नेताना अडखळतो. इमारतीपासून इमारतीपर्यंत जायचं तर ५ गिगाहर्ट्झची, एकाच दिशेला सिग्नल फेकणारी अँटेना असलेली जोडी घ्या, एकमेकांना दिसतील अशा उंचीवर बसवा. मध्ये आंब्याचं झाड असेल तर पावसाळ्यात पानं भिजल्यावर काय होतं तेही बघून घ्या. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून परवान्याविना खुला आहे, तरी शक्तीची मर्यादा लागू असतेच.

हे सगळं जमत नसेल तर त्या गाळ्यात राउटिंग करा. वेगळं सबनेट, स्टॅटिक रूट, आणि प्रिंटर नावाने न शोधता पत्त्याने जोडायचा. पलीकडे दोन-तीनच संगणक असतील तर हा मार्ग ओढूनताणून केलेल्या ब्रिजपेक्षा टिकाऊ ठरतो.

लॅपटॉपचाच हॉटस्पॉट करून मोबाइलला ऑफिसच्या नेटवर्कवर आणलं तर?

विंडोजचा हॉटस्पॉट १९२.१६८.१३७.१ वर बसतो आणि नॅट करतो. म्हणजे राउटिंगच. कामचलाऊ.

तीन मजल्यांवर तीन राउटर आहेत. जिन्यात कॉल तुटतो.

तिघं राउटर म्हणून चालत असतील तर मजला बदलला की सबनेट बदलतं, आयपी बदलतो, कॉल तुटणारच. तिघांनाही अॅक्सेस पॉइंट करा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच, चॅनल वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११. कधी उडी मारायची हे शेवटी फोन ठरवतो. तो वरच्या मजल्याच्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहिला तर राउटरची शक्ती थोडी कमी करून बघा, वाढवून नव्हे.

सगळं ब्रिजच केलं तर कधी अडतं?

२५५.२५५.२५५.० या (सबनेटचा आकार ठरवणाऱ्या) मास्कमध्ये २५४ पत्ते मावतात. पण पत्ते संपण्याआधी हवा भरते. वाय-फायवर ब्रॉडकास्ट सर्वात हळू अशा मूळ वेगाने जातं, कारण ते प्रत्येकाला ऐकू यायला हवं. तेवढा वेळ बाकीचे थांबतात. वीस-तीस उपकरणांत हे जाणवत नाही. शंभर-दीडशे झाले, प्रत्येकाच्या खिशात फोन आणि मनगटावर घड्याळ आलं, की फोनांसाठी वेगळं व्हीलॅन काढायची वेळ झाली असं समजा.

ब्रिज केल्यावर पूर्ण नेटवर्कच झोपलं, स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकताहेत.

लूप, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो. एकाच अॅक्सेस पॉइंटला स्विचवरून दोन केबली गेल्या आहेत, किंवा मेशचा (एकमेकांशी वायरलेसने जोडणाऱ्या डब्यांतला) एखादा डबा वायरनेही जोडला आहे आणि वायरलेसनेही. एकेक केबल काढा, दिवे शांत होतात ती दोषी. बरेच स्वस्त स्विच स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून तोडायची पद्धत) जाणत नाहीत, त्यामुळे ते स्वतःहून सावरणार नाहीत.

इंटरनेटवाला म्हणतो, ‘मोडेम ब्रिज मोडला टाकतो.’ तो हाच ब्रिज का?

तत्त्व तेच, जागा वेगळी. फायबरच्या डब्याने राउटिंग सोडून द्यायचं आणि पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीकडचं) लॉगिन तुमच्या मुख्य राउटरने करायचं, असा त्याचा अर्थ. यामुळे एक नॅट कमी होतं, चांगलंच आहे. पण ऑफिसच्या वाय-फायसाठी तुम्हाला जो अॅक्सेस पॉइंट हवा, त्याची सोय त्याने होत नाही.

‘अमुक वेळी अमुक साइट कुणी उघडली?’ अशी विचारणा आली तर?

नॅटमागच्या वाय-फायचे सगळे फोन मुख्य राउटरच्या नोंदीत एकाच पत्त्याने दिसतात, त्यामुळे माणूस ओळखणं अशक्य होतं. ब्रिजमध्ये प्रत्येकाचा आयपी वेगळा दिसतो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनाही लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, तेव्हा नोंदी कुठे साठतात आणि राउटरचं घड्याळ बरोबर आहे का, हे बघा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवतात. फोनला कायमचा पत्ता द्यायचा असेल तर ऑफिसच्या वाय-फायपुरतं ते बंद करायला लावा.

घरून व्हीपीएन लागतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही.

घरीही १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१. लॅपटॉपला सर्व्हर घरातच आहे असं वाटतं आणि तो पॅकेट व्हीपीएनमध्ये टाकतच नाही. घराघरांत जाऊन राउटर बदलण्यापेक्षा ऑफिसचं सबनेट बदला: १०.३७.२० सारखा काहीतरी आडवळणी आकडा घ्या. प्रिंटर, हजेरी मशीन आणि डीव्हीआर यांचे पत्ते हाताने टाकलेले असतात, ते आधी लिहून काढा आणि हे काम शनिवारी दुपारनंतर धरा.